आदेशाखाली नाव राष्ट्रपतींचं, निर्णय कुणाचा?

इंदूरमधल्या सुदामानगरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचे यजमान केंद्र सरकारच्या एका खात्यातून निवृत्त झाले. नोकरीत असताना सुरू झालेली चौकशी निवृत्तीनंतरही रेंगाळत राहिली आणि आता पेन्शनमधून दरमहा कपात करणारा कागद घरी आला आहे. कागदाच्या शेवटी लिहिलंय, 'राष्ट्रपतींच्या आदेशानुसार आणि त्यांच्या नावाने', आणि खाली सही एका अवर सचिवाची. यजमान म्हणतात, राष्ट्रपतींनी फाइल वाचली असती तर असं झालंच नसतं, मी सरळ त्यांनाच पत्र लिहितो. भंवरकुआला क्लास लावून पीएससीची तयारी करणारा मुलगा म्हणतो, बाबा, राष्ट्रपती म्हणजे नुसता शिक्का, पोस्टाचे पैसे वाचवा. ताई विचारतात, खरं काय? आणि शिक्काच असेल तर एवढी निवडणूक आणि एवढं मोठं भवन कशाला?

ताई, आधी कागदाचं सांगतो, कारण घरात भांडण त्यावरून आहे. ती फाइल राष्ट्रपतींनी वाचलेली नाही. त्यांनी ती वाचावी अशी संविधानाची अपेक्षाही नाही. कलम ५३ म्हणतं, संघराज्याची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींच्या ठायी. कलम ७७ म्हणतं, केंद्र सरकारचं प्रत्येक काम त्यांच्या नावाने व्हायचं. ते नाव कागदावर घालून सही कोणी करायची, याचे वेगळे नियम आहेत आणि त्यात अवर सचिवापर्यंतचे अधिकारी बसतात. म्हणजे तुमच्या कागदावरची सही खोटी नाही, अपुरीही नाही.

हा घोटाळा फक्त तुमच्या यजमानांचाच झालाय असं नाही. वकिलीच्या पहिल्याच वर्षी माझा झाला होता. रेल्वेचं काम घेणारा एक ठेकेदार सीनियरांकडे आला. करारावर एका बाजूला त्याचं नाव, दुसऱ्या बाजूला 'भारताचे राष्ट्रपती, यांच्या वतीने' आणि अभियंत्याची सही. ठेकेदार घाबरलेला, "वकीलसाब, सीधे राष्ट्रपती से लड़ना पड़ेगा?" मी नवा, उत्साही. रात्रभर बसून दाव्याचा मसुदा केला आणि प्रतिवादी क्रमांक एक म्हणून ऐटीत लिहिलं, भारताचे राष्ट्रपती. सीनियरांनी सकाळी पोहे खाता खाता त्यावर आडवी रेघ मारली. करार राष्ट्रपतींच्या नावाने होतो, ते कलम २९९. दावा मात्र 'भारत संघ' या नावावर लागतो, ते कलम ३००. आणि त्याच २९९ मध्ये स्पष्ट लिहिलंय की अशा करारासाठी राष्ट्रपती व्यक्तिशः जबाबदार नाहीत. नाव एकाचं, देणं दुसऱ्याचं. एम. जी. रोडवरच्या हायकोर्टात पस्तीस वर्षं काढली, पण राष्ट्रपतिपद म्हणजे काय हे मला त्या आडव्या रेघेइतकं कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही.

यजमानांचा मुद्दा, म्हणजे 'राष्ट्रपतींनी स्वतः विचार केलाच नाही', हा कोर्टात एकदा खरोखर चालला होता. १९७१ साली सरदारी लाल नावाच्या दिल्लीतल्या पोलीस उपनिरीक्षकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की चौकशीशिवाय बडतर्फ करायचं असेल तर समाधान राष्ट्रपतींचं स्वतःचं हवं. पुढची तीन वर्षं सगळ्या नोकरदारांच्या वकिलांनी हा निकाल खिशात घालून फिरावं अशी परिस्थिती होती. मग १९७४ साली शमशेर सिंह खटल्यात सात न्यायमूर्ती बसले. पंजाबमधल्या न्यायिक सेवेतल्या दोघांना नोकरीतून काढलं होतं आणि त्यांचं म्हणणं तुमच्या यजमानांसारखंच होतं, राज्यपालांनी स्वतः मन लावून निर्णय घेतलाच नाही. सातही न्यायमूर्तींनी हे फेटाळलं. राष्ट्रपती काय, राज्यपाल काय, त्यांचं 'समाधान' म्हणजे मंत्रिमंडळाचं समाधान, आणि ज्या थोड्या गोष्टी संविधानाने त्यांच्या विवेकावर सोडल्या आहेत त्या सोडून बाकी सर्व सल्ल्यानेच. सरदारी लालचा निकाल तिथेच मोडीत निघाला. गंमत म्हणजे ते दोघे खटला जिंकले. पण जिंकले ते चौकशी नीट झाली नाही या मुद्द्यावर. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

तर मग मुलाचं खरं? थांबा. हा 'शिक्का' शब्द नेमका कुठून आला ते आधी बघू. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधानाचा मसुदा सभेपुढे मांडताना डॉ. आंबेडकरांनीच सांगितलं होतं की आपला राष्ट्रपती अमेरिकेसारखा नाही, त्याचं स्थान इंग्लंडच्या राजासारखं. तो राष्ट्राचा प्रमुख, पण कारभाराचा नाही. त्याची जागा त्यांनी मोहोरेवरच्या चिन्हासारखी सांगितली, ज्याने राष्ट्राचे निर्णय ओळखले जातात. आपल्या महूला जन्मलेल्या माणसाने मांडलेली ही गोष्ट भंवरकुआच्या नोट्समध्ये येईपर्यंत 'रबर स्टॅम्प' झाली. मोहोर आणि रबरी शिक्का यांत फरक असतो. आपल्या लोकांना तो कळायला हवा, कारण आपण तो पेशवाईत जगलोय.

साताऱ्याचे छत्रपती आठवा. कारभार पुण्याला, फौजा पुण्याच्या, पैसा पुण्याचा. आपल्या होळकर-शिंद्यांनी माळव्यात पाय रोवले ते पेशव्यांच्या हुकुमाने. तरी पेशवेपदाची वस्त्रं आणायला साताऱ्यालाच जावं लागे. एरवी कोणाला त्याचं काही वाटत नसे. पण ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणरावांचा खून झाला, राघोबादादांनी वस्त्रं मिळवली, आणि पुढच्या एप्रिलमध्ये पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले. तेव्हा बारभाईंनी काय केलं? चाळीस दिवसांच्या तान्ह्या मुलासाठी साताऱ्याहून वस्त्रं आणवली. नाना फडणवीसांसारखा हिशेबी माणूस रिकाम्या सोपस्कारासाठी एवढी धडपड करणार नाही. कारभार कोणाचा हे ठरलेलं असतं तेव्हा सातारा गप्प. ते ठरलेलं नसतं तेव्हा सगळ्यांच्या नजरा साताऱ्याकडे. उपमा सगळीकडे लागू होत नाही. छत्रपती वंशाने येत आणि राष्ट्रपती निवडून येतात, हे मला माहीत आहे. पण पदाची ठेवण समजायला मला याहून जवळचं उदाहरण सापडलेलं नाही.

आता राष्ट्रपतींच्या हाती स्वतःचं म्हणून काय उरतं ते सांगतो. माझ्या मते दोनच गोष्टी. एक, सरकारला एकदा 'पुन्हा विचार करा' म्हणणं. दुसरी, सल्ला द्यायला धड सरकारच नसेल तेव्हा सरकार निवडणं. बाकी सगळं नाव आणि मान.

पहिल्या गोष्टीचा कायदा असा. मूळ संविधानात कलम ७४ एवढंच म्हणत होतं की राष्ट्रपतींना मदत आणि सल्ला द्यायला मंत्रिमंडळ असेल. सल्ला ऐकलाच पाहिजे असं लिहिलं नव्हतं. ते संकेतावर सोडलं होतं. राजेंद्रबाबूंनी त्यावर बोट ठेवलं. सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू कोड बिलावर आपण स्वतःच्या विचाराने निर्णय घेऊ शकतो असं त्यांनी नेहरूंना कळवलं. नेहरूंनी महान्यायवादी सेटलवाडांचं मत घेतलं आणि ते मत राष्ट्रपतींच्या विरुद्ध गेलं. तरी राजेंद्रबाबूंच्या मनातली शंका गेली नाही. २८ नोव्हेंबर १९६० ला दिल्लीत इंडियन लॉ इन्स्टिट्यूटच्या इमारतीची कोनशिला बसवताना त्यांनी जाहीरपणे सुचवलं की राष्ट्रपतींचे अधिकार खरंच इंग्लंडच्या राजाइतकेच आहेत का, याचा अभ्यास व्हावा. ही जुनी कुजबुज इंदिराबाईंनी १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीत एका शब्दाने संपवली. राष्ट्रपती सल्ल्यानुसार 'वागतील'. आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने त्याला एक खिडकी ठेवली. राष्ट्रपती तो सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतील, पण फेरविचारानंतर जे येईल ते मान्य.

एकदाच. मुलगा म्हणेल, एकदाच ना, मग काय उपयोग? ताई, कोर्टातला माझा अनुभव सांगतो. कुठल्याही अधिकाऱ्याला विचारून बघा, सगळ्यांत जास्त भीती कशाची? नकाराची नाही, 'खुलासा करा' या शेऱ्याची. नकार आला तर वरच्याकडे जाता येतं. खुलासा मागितला की तोच निर्णय पुन्हा लिहावा लागतो, कारणांसकट, आणि या वेळी सगळं गाव बघत असतं.

ऑक्टोबर १९९७. उत्तर प्रदेशात कल्याणसिंहांनी विधानसभेत बहुमत सिद्ध केलं. सभागृहात माइक आणि बाकं उडाली ती दृश्यं आमच्या पिढीने टीव्हीवर पाहिली आहेत. राज्यपालांनी राष्ट्रपती राजवटीची शिफारस केली, गुजराल सरकारने ती उचलून धरली. के. आर. नारायणन यांनी ती परत पाठवली. नुसती परत पाठवली, एवढंच. मंत्रिमंडळाला तीच शिफारस दुसऱ्यांदा करण्याचा पूर्ण हक्क होता आणि केली असती तर नारायणन यांना सही करावी लागली असती. मंत्रिमंडळाने केली नाही. पुढच्या वर्षी वाजपेयी सरकारच्या बिहारबद्दलच्या शिफारशीचं तेच झालं. फेब्रुवारी १९९९ मध्ये सरकारने बिहारची शिफारस दुसऱ्यांदा केली, या वेळी राजवट लागली, पण राज्यसभेत बहुमत जमेना म्हणून थोड्याच दिवसांत मागेही घ्यावी लागली. म्हणजे एकदा अडवलं तेव्हा काय शंका होती, ते पुढच्या घटनांनी दाखवून दिलं.

आता याची दुसरी बाजू बघा. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीचा कागद फख्रुद्दीन अली अहमद यांच्यापुढे आला. मंत्रिमंडळाची बैठक झालेलीच नव्हती. पंतप्रधानांच्या पत्रातच लिहिलं होतं की मंत्रिमंडळापुढे न्यायला हवं होतं, पण आज रात्री ते शक्य नाही. राष्ट्रपतींनी सही केली, आणि मंत्री दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला जमून 'हो' म्हणाले. तिथे राष्ट्रपतींनी एवढंच म्हटलं असतं की मंत्रिमंडळाचा ठराव घेऊन या, तर? काही तास गेले असते, कदाचित तेवढंच. पण ते तास मंत्र्यांना एकमेकांच्या तोंडाकडे बघत काढावे लागले असते. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने नंतर हेच सक्तीचं केलं. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपती आणीबाणीची घोषणा काढू शकत नाहीत. क्लासवाल्या मुलाला सांगा, आपल्या अख्ख्या संविधानात 'कॅबिनेट' हा शब्द फक्त या एका कलमात आहे, ३५२ मध्ये. आणि तो तिथे का आहे, ते त्या रात्रीमुळे.

आणखी एक उदाहरण कलामसाहेबांचं, आणि ते मला जरा बोचतं, कारण माणूस आवडता होता. मे २००५ मध्ये ते मॉस्कोत असताना बिहार विधानसभा बरखास्त करण्याचा कागद रात्री फॅक्सने गेला आणि सही होऊन परत आला. जानेवारी २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बरखास्ती घटनाबाह्य ठरवली. त्याच वर्षी मे महिन्यात त्याच कलामांनी 'लाभाच्या पदा'चं, म्हणजे कोणतं सरकारी पद घेतलं तरी खासदारकी जात नाही हे ठरवणारं, विधेयक संसदेकडे परत पाठवलं. संसदेने ते होतं तसंच पुन्हा मंजूर केलं आणि ऑगस्टमध्ये त्यांनी सही केली. हरले असं वाटतं. पण मधल्या तीन महिन्यांत कोणतं पद लाभाचं आणि कोणतं नाही यावर देशात जेवढी चर्चा झाली तेवढी त्याआधी कधी झाली नव्हती, आणि संसदेला त्यासाठी संयुक्त समिती नेमावी लागली.

विधेयकांचं कलम १११ असं की संमती द्या, नाकारा, किंवा परत पाठवा. परत पाठवलेलं पुन्हा आलं की नकार नाही. घटनादुरुस्तीचं विधेयक असेल तर १९७१ पासून संमती द्यावीच लागते. अर्थविधेयक, म्हणजे इंग्रजीत ज्याला 'मनी बिल' म्हणतात ते, परत पाठवता येत नाही. या शेवटच्या वाक्यात इंदूरकरांसाठी एक गोष्ट दडली आहे. अर्थविधेयक कुठलं हे ठरवतो लोकसभेचा अध्यक्ष, आणि २०१४ ते २०१९ त्या खुर्चीवर आपल्या ताई होत्या, सुमित्राताई महाजन. २०१६ साली आधारचं विधेयक त्यांच्या दाखल्याने अर्थविधेयक म्हणून गेलं. राज्यसभेने सुचवलेल्या दुरुस्त्या लोकसभेने बाजूला ठेवल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बहुमताने तो दाखला योग्य धरला, एका न्यायमूर्तींनी मात्र कडक विरोधी मत लिहिलं. बरोबर-चूक यात मी पडत नाही. मला एवढंच दाखवायचंय की त्या एका दाखल्याने राज्यसभेचा नकार तर निकामी होतोच, शिवाय राष्ट्रपतींचा 'पुन्हा विचार करा' हा हक्कही आपोआप बाद होतो. याकडे फार कमी लोकांचं लक्ष गेलं.

आता कलम १११ मध्ये एक फट आहे. 'शक्य तितक्या लवकर' एवढंच लिहिलंय, मुदत नाही. ग्यानी झैलसिंगांनी १९८६ च्या पोस्टाच्या विधेयकावर, ज्यात लोकांची पत्रं उघडण्याची मुभा सरकारला मिळत होती, ना सही केली, ना ते परत पाठवलं. ते टेबलावर राहिलं. पुढे व्यंकटरामन यांनी ते फेरविचारासाठी परत केलं आणि शेवटी २००२ मध्ये सरकारने मागे घेतलं. काही लोक याला मोठा पराक्रम मानतात. मी मानत नाही. कागद दाबून ठेवणं ही कारकुनाची युक्ती आहे, राष्ट्रप्रमुखाला ती शोभत नाही. परत पाठवताना कारण सांगावं लागतं, दाबून ठेवताना लागत नाही. राज्यांच्या विधेयकांचं तर आणखी अवघड. राज्यपालांनी राखून ठेवलेलं विधेयक विधानसभेने दुसऱ्यांदा मंजूर केलं तरी राष्ट्रपतींवर, म्हणजे खरं तर केंद्र सरकारवर, संमतीचं बंधन नाही. गुजरातचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा विधानसभेत पहिल्यांदा मंजूर झाला २००३ मध्ये आणि राष्ट्रपतींची संमती मिळाली २०१९ मध्ये. एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींनाही तीन महिन्यांची मुदत घातली. त्यावर राष्ट्रपतींनी कलम १४३ खाली न्यायालयालाच चौदा प्रश्न विचारले आणि नोव्हेंबरमध्ये पाच न्यायमूर्तींनी मत दिलं की अशी मुदत न्यायालय घालू शकत नाही. परीक्षेत हे येणार, मुलाला नीट वाचायला सांगा.

दुसरी गोष्ट, सरकार निवडणं. इथे सातारा जागा होतो. जुलै १९७९ मध्ये मोरारजींनी राजीनामा दिला. संजीव रेड्डींनी आधी विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाणांना विचारलं. यशवंतरावांनी चार दिवस प्रयत्न केला आणि जमत नाही असं कळवलं. मराठी माणूस पंतप्रधानपदाच्या सगळ्यांत जवळ गेला तो त्या चार दिवसांत, असं आमचे वडील म्हणत. मग चरणसिंहांना बोलावलं. ते लोकसभेला सामोरे न जाताच २० ऑगस्टला राजीनामा देऊन मोकळे झाले, आणि लोकसभा विसर्जित करा असा सल्ला देऊन गेले. जगजीवनराम दावा घेऊन उभे होते. रेड्डींनी त्यांना संधी न देता २२ तारखेला लोकसभा विसर्जित केली. ज्या पंतप्रधानाने एकदाही बहुमत दाखवलं नाही त्याचा सल्ला बंधनकारक कसा, हा प्रश्न मी वर्गात दरवर्षी विचारत असे आणि दरवर्षी पोरं दोन गटांत भांडत. माझं मत, रेड्डी चुकले. पण चुकण्याइतका अधिकार होता, मुद्दा हा आहे.

त्यानंतरच्यांनी आपापल्या रीती पाडल्या. १९८९ मध्ये व्यंकटरामन यांनी आधी सगळ्यांत मोठ्या पक्षाला, म्हणजे राजीव गांधींना विचारलं. ते नाही म्हणाले. १९९६ मध्ये भोपाळच्या शंकरदयाळ शर्मांनी त्याच न्यायाने ग्वाल्हेरच्या अटलजींना बोलावलं आणि तेरा दिवसांत सरकार गेलं. १९९८ मध्ये नारायणन यांनी आधी पाठिंब्याची पत्रं मागितली. पुढच्या एप्रिलमध्ये एका मोठ्या मित्रपक्षाने पाठिंबा काढल्यावर त्यांनी अटलजींना बहुमत सिद्ध करायला सांगितलं आणि सरकार एका मताने पडलं, २६९ विरुद्ध २७०. प्रत्येकाची रीत वेगळी आणि कुठलीच संविधानात लिहिलेली नाही.

निवडणूक कशाला, याचं उत्तरही यातच आहे. असा माणूस केवळ लोकसभेतल्या बहुमताने नेमला तर गोंधळाच्या दिवशी त्याचा शब्द कोण मानणार? म्हणून राज्यांच्या विधानसभांनाही मत दिलं. घरचा हिशेब सांगतो. मध्य प्रदेशच्या आमदाराच्या मताचं मूल्य १३१. १९७१ च्या लोकसंख्येला आमदारांच्या संख्येने, २३० ने, आणि मग हजाराने भागायचं. उत्तर प्रदेशच्या आमदाराचं २०८, महाराष्ट्राचं १७५, सिक्कीमचं ७. इंदूर जिल्ह्यात नऊ आमदार, म्हणजे ११७९. २०२२ मध्ये खासदाराच्या मताचं मूल्य ७०० होतं. सगळ्या आमदारांच्या मतांची बेरीज आणि सगळ्या खासदारांच्या मतांची बेरीज जवळजवळ सारखी यावी अशी ती रचना आहे. १९६९ मध्ये गिरी आणि रेड्डी यांच्यात पहिल्या पसंतीवर निकाल लागला नाही, दुसऱ्या पसंतीची मतं मोजावी लागली, तेव्हा कळलं की ही निवडणूक नेहमीच लुटुपुटूची नसते. त्याच वर्षी महिनाभर हंगामी राष्ट्रपती होते सरन्यायाधीश हिदायतुल्ला, आपल्या मध्य प्रदेश हायकोर्टाचे पहिले मुख्य न्यायाधीश.

आणि समजा राष्ट्रपती ठामपणे नाहीच म्हणाले, फेरविचारानंतरही? तर कलम ६१, महाभियोग. दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येच्या दोन-तृतीयांश मतं लागतात. आजवर एकदाही वेळ आलेली नाही. काही विद्वान म्हणतात, राष्ट्रपती संविधानाच्या 'रक्षणा'ची शपथ घेतात, मंत्री तशी घेत नाहीत, म्हणून त्यांना नकाराचा हक्क असला पाहिजे. मला पटत नाही. शपथेमुळे प्रश्न विचारणं कर्तव्य बनतं, एवढंच.

जगात हे सगळीकडे सारखं नाही. आयर्लंडचा राष्ट्रपती विधेयक स्वतःहून सर्वोच्च न्यायालयाकडे तपासायला पाठवू शकतो. १९७६ मध्ये ओ डॉली यांनी आणीबाणीचं विधेयक असं पाठवलं, संरक्षणमंत्र्याने त्यांना जाहीर शिवीगाळ केली, आणि पदाचा मान राखायला त्यांनी राजीनामा दिला. जर्मनीच्या क्योलर यांनी २००६ मध्ये दोन कायद्यांवर घटनाबाह्य म्हणून सही नाकारली. इटलीच्या मात्तारेल्ला यांनी २०१८ मध्ये अर्थमंत्रिपदासाठी आलेलं एक नावच मान्य केलं नाही. आपल्याकडे यातलं काहीही मंत्रिमंडळाच्या सल्ल्याशिवाय होत नाही. दयेचा अर्जही नाही. फाशीच्या कैद्याची फाइल गृहमंत्रालयातूनच शिफारशीसह जाते. फक्त त्याला फार उशीर झाला तर तो उशीरच फाशी रद्द करायला पुरेसं कारण ठरतो, हे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंधरा जणांची फाशी रद्द करताना मान्य केलं.

आता परत तुमच्या कागदाकडे. निवृत्तीनंतर पेन्शन कापण्याचा अधिकार नियमांनी राष्ट्रपतींकडे राखून ठेवला आहे. १९७२ च्या नियमांत तो नववा नियम होता, २०२१ च्या नियमांत आठवा. त्या नावाचा एक परिणाम मात्र अगदी खरा आहे, राष्ट्रपतींच्या नावाने निघालेल्या आदेशावर खात्यात अपील करता येत नाही. वरचा साहेबच उरत नाही. म्हणून कलेक्टर कचेरीत ज्ञापन देऊन किंवा राष्ट्रपती भवनाला पत्र पाठवून काय होईल ते सांगतो. माझ्या पक्षकारांना अशी उत्तरं आलेली मी पाहिली आहेत. सचिवालय ते पत्र 'योग्य कार्यवाहीसाठी' संबंधित खात्याकडे पाठवतं, आणि ते खातं म्हणजे ज्याने कपात केली तेच.

दाद मागायची ती केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, ज्याला आम्ही कॅट म्हणतो. आपल्यासाठी जबलपूरचं खंडपीठ. तिथे 'राष्ट्रपतींनी फाइल वाचली नाही' हा मुद्दा घालू नका, शमशेर सिंह निकालात त्याची वाट लागली आहे. त्या दोघांसारखं चौकशीवर बोट ठेवा. ठपका 'गंभीर गैरवर्तना'चा किंवा गंभीर निष्काळजीपणाचा आहे का? संघ लोकसेवा आयोगाचा सल्ला घेतला का, आणि त्या सल्ल्याची प्रत आदेश निघण्याआधी यजमानांना दिली का? ती प्रत कागदांत नसेल तर तुमचं प्रकरण बरंच मजबूत आहे.

आणि आदेशावरची तारीख आजच बघून ठेवा. मुदत एक वर्षाची आहे, आणि मधे पाठवलेल्या पत्रांनी ती वाढत नाही. यजमानांना राष्ट्रपतींना लिहायचंच असेल तर खुशाल लिहू द्या, पण आधी कॅटमध्ये अर्ज दाखल होऊन त्याचा नंबर हातात येऊ दे.